प्रेमाकाकी आणि न पुसला जाणारा 'कै.'

घाटकोपरला डोंगराच्या चढावर, जिथून पुढे रिक्षावाले "वर नाही येणार" म्हणून हात झटकतात, त्या नाक्यावर विजेच्या पेटीला खेटून एक काळा फळा उभा आहे. पाणी किती वाजता येणार, रक्तदान कुठे, कुणाची मुलगी दहावीला किती टक्क्यांनी पास झाली आणि कोण गेलं, हे वस्तीला अजूनही त्या फळ्यावरून कळतं. फळा गेली सव्वीस वर्षं प्रेमा गावकर लिहिते. वय चौसष्ट, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि अक्षर असं की फ्लेक्स छापणारा विकीसुद्धा जाता-येता मान वळवून बघतो.

फळा मुळात तिच्या नवऱ्याचा, दशरथचा. गिरणी बंद पडली तेव्हा तो पवईला एका सोसायटीत वॉचमन लागला आणि कामावर जाता-जाता फळा लिहू लागला. मग त्याला झटका आला, उजवा हात गेला. तो खुर्चीत बसून सांगायचा, प्रेमा लिहायची.

"वेलांटी मोठी काढ गो! कंजूषपणा कित्याक करतंस? खडू काय तुझ्या बापाशीचो?"

दशरथ गेला त्या दिवशीही फळा तिनेच लिहिला. लोक म्हणाले, आज तरी राहू दे. ती म्हणाली, "दुसऱ्या कोणी वेलांटी चुकवली तर तो वरून ओरडेल."

तिची म्हणून एक पद्धत आहे. खडू आधी तासभर साखरेच्या पाण्यात भिजत ठेवायचा. ओल्या खडूने लिहिलेलं आधी दिसतच नाही, वाळलं की दुधासारखं पांढरंफेक उमटतं. बोट फिरवलं तरी पुसलं जात नाही. फळा लिहिण्यात अर्धं कसब अक्षराचं असेल, तर अर्धं नावाच्या आधी काय लावायचं याचं. चि., सौ. कां., ह. भ. प., कै. तिथे चुकलं की माणसं घरी भांडायला येतात. एकदा तिने लग्न ठरलेल्या मुलीला चुकून सौ. करून टाकलं होतं, तर मुलीची आजी लाटणं घेऊन आली होती.

'कालकथित' हा शब्द मात्र तिला मिथुन ओव्हाळने शिकवला. दहा वर्षं झाली त्याला. मिथुनचे वडील धोंडिराम गेले होते, प्रेमा फळ्यापुढे स्टुलावर चढून 'कै.' काढायला लागली, आणि मागून आवाज आला.

"काकी, बाबांच्या नावापुढे कै. नको."

"मग? स्वर्गीय लिहू?"

"तेही नको. आम्ही बौद्ध लोक कालकथित लिहितो."

"म्हणजे काय रे?"

"काळ संपला, एवढंच. कैलासाला गेले की स्वर्गात गेले, ते आपल्याला ठाऊक आहे का? नाही ना? मग बातमीत घालायचं नाही."

वडील घरात निपचित पडलेले, आणि हा मुलगा तिला बातमी शिकवत होता. प्रेमाने लिहिलं, 'कालकथीत'. तो हळूच म्हणाला, "काकी, थि पहिली." तिने निमूट वेलांटी बदलली. तेव्हापासून वरच्या गल्लीतल्या एकाही घरात तिचा हा शब्द चुकला नव्हता.

हाच मिथुन पुढे सगळ्या महाराष्ट्राचा झाला. दुपारच्या बातम्यांत तो आला की वस्तीतल्या बायका कुकरचा गॅस बारीक करायच्या, शिट्टीत त्याचं बोलणं बुडू नये म्हणून. त्याच्यासारखा आवाज दुसऱ्या कुणाला नव्हता असं नाही. पण बातम्यांच्या सुरुवातीलाच, सरळ कॅमेऱ्यात बघत, "काल माझ्याकडून एक चूक झाली" असं म्हणणारा तो एकटाच होता. मग काय चुकलं ते सांगायचा, बरोबर काय ते सांगायचा, आणि पुढच्या बातमीला जायचा.

परवाच्या मंगळवारी सकाळी रुचिरा, प्रेमाची सून, हातात मोबाइल धरून मोरीच्या दारात उभी राहिली.

"आई, मिथुनदादा गेले."

"कुठे?"

"आई… गेले. पहाटे. हार्ट अटॅक."

चव्वेचाळीस वर्षांचा. प्रेमा हातातला तांब्या तसाच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "खडू भिजत घाल."

तिने लिहिलं कसं ते तिला आठवत नाही. डोळ्यांना धार लागलेली, चष्मा पुसायला एक हात मोकळा नाही. भावपूर्ण आदरांजली. नाव. अंत्ययात्रा उद्या सकाळी दहा वाजता, राहत्या घरातून. लिहून झाल्यावर ती घरी गेली आणि पंख्याखाली आडवी झाली.

उठली तेव्हा नाका ओळखू येत नव्हता. मालाडहून फेरीवाल्या बायका आल्या होत्या, ज्यांच्यासाठी तो वीस दिवस महापालिकेच्या दारात उभा राहिला होता. मुलुंडचे रिक्षावाले त्याचा फोटो हॅण्डलला बांधून आले होते. कुणाच्या हातात हार, कुणाच्या हातात नुसतंच कात्रण. ओव्हाळांच्या गल्लीत दोन माणसं शेजारी-शेजारी उभी राहू शकत नाहीत, म्हणून लोकांनी फुलं फळ्याखालीच ठेवायला सुरुवात केली होती. चॅनलवाले सगळे तिथेच.

"आई, या बाहेर! तुमचा फळा टीव्हीवर!" रुचिरा ओरडली.

प्रेमा येऊन बसली. पडदाभर तिचंच अक्षर. वेलांट्या कशा टपोऱ्या. कॅमेरा हळूहळू नावावर गेला. आणि नावाच्या आधी, दुधासारखं पांढरंफेक:

कै.

"अगो बाये," प्रेमा म्हणाली.

"काय झालं? मस्त दिसतंय की."

"मस्त काय? वाट लागली! कै. लिहिलंय मी!"

"मग?"

"मग काय मग? शकू बघत असेल!"

शकू म्हणजे मिथुनची आई. नळावरच्या पहिल्या भांडणापासूनची मैत्रीण. पस्तीस वर्षांत दोघींनी एकमेकींच्या घरी सणाची आमटी नेली, एकमेकींच्या सुनांच्या चहाड्या केल्या, आणि दशरथ पडला तेव्हा धोंडिरामने त्याला पाठीवर घालून चढ उतरवला. तिच्या मुलाच्या नावापुढे, त्यानेच नको म्हणून सांगितलेला शब्द, आणि तो आज सगळ्या जगासमोर. शकू काय म्हणेल, याहून शकू काहीच म्हणाली नाही तर काय, याची प्रेमाला जास्त भीती वाटली.

तिने पदर खोचला, मोरीतलं ओलं फडकं उचललं.

"आई, थांबा ना, लाइव्ह चालू आहे!"

"म्हणूनच."

फळ्यापुढे मिथुनच्याच चॅनलची एक मुलगी उभी होती. दीप्ती तिचं नाव. रडून नाक लाल झालेलं, पण आवाज घट्ट धरलेला. "मिथुन सरांची ही वस्ती आज…" एवढं ती म्हणाली, आणि तिच्या खांद्याच्या मागून एक सुरकुतलेला हात आला आणि फळा घासायला लागला.

गर्दीतून आरडाओरडा. "ओ आजी! काय करताय? नाव पुसताय काय?"

"नाव नाही रे मेल्या! नावाच्या आधीचं!"

पण पुसलं जाईना. साखरेचा खडू. वाळून दगड झालेला. प्रेमा घासतेय, फडकं काळं होतंय, 'कै.' जागचा हलत नाही. नाका मंडळाचे सेक्रेटरी नंदकुमार पुढे सरसावले. त्यांना दोन वर्षांपासून फळा काढून तिथे फ्लेक्स लावायचा होता. "काकी, अहो शोभतं का हे? टीव्हीवर दिसतंय सगळं. काय असेल ते नंतर बघू."

"तुम्ही बाजूला व्हा, नंदकुमार. तुमच्या पोटामुळे उजेड येत नाही."

दीप्तीने कॅमेरावाल्याकडे बघितलं. त्याने मान हलवली, चालू ठेव. तिने माइक प्रेमापुढे धरला.

"आजी, तुम्ही काय पुसताय, सांगाल का?"

प्रेमाने आधी माइककडे बघितलं, मग कॅमेऱ्याच्या काळ्या भोकाकडे, ज्यातून म्हणे सगळा महाराष्ट्र बघतो. आणि जे तोंडात आलं ते ती बोलून गेली.

"माझ्याकडून चूक झाली."

नाका एकदम चिडीचूप झाला. प्रेमाला वाटलं, आता मार बसणार. वाक्य कुणाचं होतं ते तिच्या ध्यानात आलंच नव्हतं. गर्दीच्या ध्यानात आलं होतं. मालाडच्या एका बाईने पदर तोंडात घातला.

"आमचा हात सवयीचा," प्रेमा पुढे म्हणाली. "रडत लिहिलं, कै. होऊन गेलं. ह्यानेच मला सांगितलं होतं, काकी, तो शब्द नको. ह्यानेच दुसरा शिकवला. आता हा पुसला जात नाही, कारण खडूला मी साखर लावते. तुझ्याकडे पाणी आहे का गं?"

दीप्तीने आपली बाटली उघडून दिली. प्रेमाने फळ्यावर पाणी ओतलं, नखाने खरवडलं, आणि 'कै.' एकदाचा ओघळून फुलांवर गेला. मग तिने कंबरेचा खडू काढला. का. ल. क. तिथे हात थांबला.

दीप्ती माइक खाली करून पुटपुटली, "थि पहिली, आजी."

"तुला कोणी सांगितलं?"

"सरांनी. माझ्या पहिल्याच बातमीत चुकली होती."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, तशाच रडत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग टाळ्या वाजवायच्या की नाही हे न कळून थांबले.

एवढ्यात रुचिरा गर्दी कापत आली. तिचा चेहरा उतरलेला. "आई, शकूमावशींनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

वरच्या गल्लीला बासष्ट पायऱ्या आहेत. प्रेमाने त्या दिवशी प्रत्येक पायरीवर एक वाक्य तयार केलं आणि पुढच्या पायरीवर ते टाकून दिलं. दारात चपलांचा ढीग होता, आतून अगरबत्तीचा वास येत होता. शकू भिंतीला टेकून बसली होती, पांढरी साडी, कोरडे डोळे. सकाळपासून तिने टिपूस गाळलं नाही म्हणून सगळे काळजीत होते.

"ये. बस. पाणी पी आधी. धापा टाकतेस."

"शकू, माझ्या हातून…"

"बघितलं. पदर खोचून गेलीस तू टीव्हीवर. निदान केस तरी विंचरायचेस, प्रेमे."

"सकाळपासून बघत होतीस?"

"छे. मी टीव्ही लावूच दिला नव्हता. शेजारचा सुशांत धावत आला, म्हणाला, मावशी लाव लाव, प्रेमाकाकी फळ्याशी मारामारी करतेय. तेव्हा लावला."

प्रेमाच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. "म्हणजे… कै. तू बघितलाच नव्हतास?"

"कुठला? मी बघितलं तेव्हा त्या पोरीचं डोकं होतं मध्ये. मला वाटलं, ही बया काय घासतेय?"

"अगं मग मी गपचूप घरी बसले असते तर तुला कळलंच नसतं!"

"मला कळलं नसतं. पण तू आठ दिवस जेवली नसतीस, आणि मला तिकडे यावं लागलं असतं. गेलाय माझा पोरगा, आणि समजूत काढू तुझी?"

प्रेमाला हसू फुटलं. तिने तोंडावर हात दाबला, ते नाकातून बाहेर आलं. शकूने तिच्याकडे डोळे वटारून बघितलं, आणि मग तिलाही हसू आलं, पोटातून, खांदे हलवत. हसता-हसता ते फिरलं. शकू प्रेमाच्या मांडीवर वाकली आणि सकाळपासून अडवून धरलेलं सगळं तिथे मोकळं केलं. दारातल्या बायकांनी एकमेकींकडे बघून सुस्कारा टाकला. प्रेमा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या स्वतःच्या छातीवरचा धोंडा कधी खाली उतरला ते तिला कळलंही नाही, फक्त श्वास पुरेसा येतोय एवढं जाणवलं.

बऱ्याच वेळाने शकूने डोळे पुसले. नाक ओढलं.

"त्याची बहीण औरंगाबादहून मध्यरात्रीच्या गाडीने निघणार आहे. दहाला पोचायची नाही. फळ्यावर अकरा कर."

"मी?"

"मग कोण? विकीच्या फ्लेक्सवर करू? तो कै. छापेल, आणि ते पाण्याने पण जायचं नाही."

प्रेमा पायऱ्या उतरून घरी आली. रुचिरा वाटी घेऊन उभीच होती, खडू भिजवायला.

"अकरा करायचंय ना, आई? साखर किती घालू?"

"आज साखर नको गो," प्रेमा म्हणाली. "साधं पाणीच दे. पोरीची गाडी लेट झाली तर परत पुसावं लागेल."