डिझेलच्या नळीवरचं चुंबक

पळसदेवला धरणाच्या पाण्यावर आमची इंजिनाची होडी आहे. मालक, म्हणजे माझा नवरा, माणसं पलीकडच्या काठाला सोडतात. बारामतीच्या शेती प्रदर्शनातनं त्यांनी एकदा एक डबी आणली. आत दोन चुंबकं. डिझेलच्या नळीवर आवळली की डिझेल म्हणे शुद्ध होतं, धूर जातो, एव्हरेज वाढतं. अहो, डिझेल म्हणजे काय खिळे आहेत चुंबकाचं ऐकायला? मेथीची जुडी दहादा उलटीपालटी करून घेणारा हा माणूस, पण टाय लावलेल्या विकणाऱ्याला एक प्रश्न विचारला असेल तर शपथ.

धूर तसाच, डिझेल तेवढंच. मालक मात्र येईल त्याला बसवून सांगायचे, "आवाज कसा मऊ झालाय बघा." मला आपली तीच जुनी खडखड ऐकू यायची.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण विकणारा म्हणाला होता, आता फिल्टर उघडायची गरज नाही. आमच्या डिझेलात पाणी उतरतं. फिल्टरच्या बुडाचा बोल्ट ढिला करून ते काढावं लागतं. मालकांनी तेच बंद केलं. मी टोकलं तर म्हणाले, "तुला इंजिनातलं काय कळतंय?"

मग एका दुपारी मधोमध इंजिन बंद पडलं. मालक एकटेच, वारं सुटलेलं, होडी आडवी होऊन लाटा आत घ्यायला लागली. मी काठावरनं बघत होते. दिरानं आपली होडी नेऊन, दोर लावून त्यांना ओढून आणलं. फिल्टर उघडला तर निम्मं पाणी.

पुढच्या प्रदर्शनाला मी चुंबकं नळीवरनं काढून डबीत घातली आणि ती डबी पिशवीत घालून मालकांना घेऊन गेले. विकणारा तोच. टेबलापाशी इंदापूरकडचा एक होडीवाला तसलीच डबी हातात घेऊन उभा होता. विकणारा त्याला म्हणाला, यांना विचारा, हे वापरतात. तेव्हा त्यानं मालकांना विचारलं, "दादा, फरक पडतो का?"

"व्हय, पडतो की," आमचे मालक म्हणाले. "फकस्त फिल्टरमधलं पाणी काढत जावा."

"ते तर काढायलाच लागतं," विकणारा म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. डबी त्याच्यापुढं आपटली आणि म्हटलं, "या पळसदेवला. चुंबक लावते, फिल्टर उघडायचा न्हाय. वारं सुटलं की तुमी एकटं मधोमध जावा."

होडीवाल्यानं हातातली डबी खाली ठेवली. बाहेर आल्यावर मालक म्हणाले, "चारचौघांत माझी अब्रू घालवलीस."

जीव जाता जाता राहिला होता, आणि ह्यांना अब्रूची पडलेली.