न झालेली कावीळ

माझ्या मुलीला कावीळ झालीय असं मी सगळ्या भावकीला सांगितलं. तिला कावीळ झालेली नव्हती.

तिला डिप्रेशन होतं. अकरावीत होती. दिवाळीनंतर तिचं जेवण कमी झालं, मग बोलणं, मग कॉलेज. भर दुपारी केस न विंचरता भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. साताऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवलं, तिच्याशी बराच वेळ बोलले आणि मिरजेच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंचं नाव दिलं. त्या बाईंनी गोळ्या सुरू केल्या. आपल्या मनानं बंद करू नका, हे त्यांनी मला आणि बायकोला वेगवेगळं सांगितलं. बहुतेक माझं तोंड बघूनच दोनदा सांगितलं असावं.

आता मिरजेला जाणं ही काही आमच्याकडे लपवायची गोष्ट नाही. हाड मोडलं, मूतखडा झाला, छातीत दुखलं की माणूस मिरजेला जातो आणि पाव्हणे बिस्किटांचे पुडे घेऊन मागोमाग जातात. पण आम्ही मिरजेच्या बसमधून उतरतोय न उतरतोय तोच वडूजहून थोरल्या भावाचा फोन आला. दादा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला, गावात राहतो, आणि घराण्यातल्या प्रत्येक शिंकेची खबर ठेवतो. पोरीला काय झालंय, असं त्यानं सरळ विचारलं. माझ्या तोंडातून सरळ निघालं, कावीळ.

मी पाटबंधारे खात्यात कारकून. पण चार गावांत मला ओळखतात ते लग्नातल्या माईकमुळं. अक्षता पडेपर्यंत वऱ्हाडाला हसवत ठेवायचं काम माझ्याकडं असतं. त्यामुळं वेळेला काहीतरी सुचतं याचा मला भारी गर्व. कावीळ मला फारच हुशारीची वाटली होती. पोरगी वाळलीय का, कावीळ. झोपून असते का, कावीळ. कॉलेजला का जात नाही, परीक्षेचं काय, सगळ्याला एकच उत्तर. वर आजार कसा घरंदाज. काविळीच्या मुलीचं स्थळ कुणी मोडत नाही. हा शेवटचा विचार मी सोळा वर्षांच्या पोरीबद्दल केला होता, हेही इथं लिहून ठेवतो.

एकच गोष्ट विसरलो. काविळीवर औषध माहीत नसलेला माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय.

दुसऱ्या दिवसापासून घरात मुळ्यांचा ढीग लागला. शेजारणीनं उसाचा रस पाठवला, ऑफिसातल्या शिपायानं भाजलेले चणे आणून दिले. येणारा प्रत्येक जण पोरीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघायचा. तिच्या मामीला शंका आली. डोळं तर पांढरंच दिसत्यात, म्हणाली. मी म्हणालो, उतरतीय, उतरतीय. पोरगी पापणी ओढलेली ठेवून तशीच छताकडे बघत बसलेली होती.

आणि पथ्य. जेवायच्या वेळेला कोण टपकेल याचा नेम नव्हता, म्हणून मी बायकोला सांगून तेल-तिखट बंद केलं. त्या दिवसांत पोरीला दोनच घास गोड लागायचे, तेही ज्वारीच्या भाकरीबरोबरच्या मिरचीच्या खर्ड्यानं. खर्डा गेला. बिनफोडणीचं वरण आणि मऊ भात ताटात आला. बायको म्हणाली, "अहो, निदान एवढं तरी खात होती." मी म्हणालो, थोडे दिवस.

मग दादा आला, माळ घेऊन.

ज्यांनी ही माळ पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. झाडपाल्याचं औषध देणारी माणसं हिरव्या काडीचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून एक छोटी माळ करतात आणि ती रोग्याच्या डोक्यावर मुकुटासारखी ठेवतात. माळ दिवसागणिक लांबत जाते. कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर येते. माळ उतरली की कावीळ उतरली. खरं तर काड्या सुकतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. नारळावर ठेवली असती तरी उतरली असती. पण दादानं ती पहाटे उठून, अंघोळ करून, दोन गावं पालथी घालून आणली होती. आपल्या हातानं पोरीच्या डोक्यावर ठेवली. त्याच्या मिशा थरथरत होत्या. मी बाजूला उभा राहून, राणीसाहेब शोभताय, असं काहीतरी बोललो. कुणी हसलं नाही. मीच हसलो.

दादा माळ उतरेपर्यंत राहायचं ठरवूनच आला होता. संध्याकाळी त्याला फडताळात तिच्या गोळ्यांचं पाकीट दिसलं. कसल्या म्हणून विचारलं. ॲसिडिटीच्या, मी म्हणालो. त्यानं मान हलवली. माळ डोक्यावर असताना दुसरं औषध घ्यायचं नसतं, असं औषधवाल्यानं बजावलंय, आणि इंग्रजी गोळ्या काविळीत लिव्हर जाळतात, हे त्याला फौजेतच कळलं होतं. बंद करा म्हणाला.

इथं मला खरं बोलायची संधी होती. दादा माझा भाऊ. समोर बसलेला. घरात परकं कुणी नाही. पण दादाबरोबर त्याचा पोरगा आलेला होता, त्याच्या हातात मोबाईल, आणि मला एकच भीती, हा पाकिटावरचं नाव टाकून बघेल. मी पाकीट उचललं आणि पोरीच्या खोलीत गेलो. काका जाईपर्यंत थांबवू, म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं. वाद घातला नाही. तिच्या उशाखाली दुसरं एक पाकीट होतं, तेही काढून माझ्या हातात दिलं.

बायकोनं दुधातून गुपचूप देऊ या म्हणून सांगितलं. मी तिलाच गप्प केलं. चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय, म्हणालो.

माळ गळ्यात आली त्या दिवशी दादानं पेढे वाटले. मी त्याच्याबरोबर बसून पेढा खाल्ला. खोटं सांगत नाही, मला मनातून बरं वाटत होतं. माझीच थाप, पण ती बरी होतेय असं बघायला छान वाटत होतं. त्या दुपारी पोरीनं मला हाक मारली. माळ बोटांनी चाचपत होती.

"पप्पा, ही खाली आली की मी बरी झाले ना?"

"झालीसच की."

"आणि मला बरं वाटलं नाही, तर मग काय सांगायचं?"

मी म्हणालो, तेव्हा बघू. आयुष्यभर माईकवर बोलणाऱ्या माणसाला एवढंच सुचलं.

माळ छातीवर आली आणि दादा समाधानानं गेला. त्यानं सगळ्या वडूजला सांगितलं. पोरगी बरी झाली म्हणून अभिनंदनाचे फोन आले, आता अभ्यासाला लाग म्हणून तिला उपदेश आले. घर मोकळं झाल्यावर मी गोळ्यांचं पाकीट परत काढलं, पाण्याचा पेला भरला आणि तिच्यापुढे धरला. तिनं गोळी घेतली नाही. "कावीळ बरी झाली की," म्हणाली. रागानं नाही, चेष्टेनं नाही. माझीच थाप मला जशीच्या तशी परत दिली. मी विनवण्या केल्या, ओरडलो, मग पुन्हा विनवण्या केल्या. भिंतीकडे वळून झोपली.

त्यानंतर ती झपाट्यानं खाली गेली. पाणी पीत नव्हती. आईनं केसांवरून हात फिरवला की अंग चोरून घ्यायची. एका सकाळी आईला म्हणाली, "मला उद्यापासून उठवू नकोस. मला नकोच आहे हे सगळं." बायको स्वयंपाकघरात आली आणि गॅस बंद करून माझ्याकडे न बघता म्हणाली, गाडी बोलवा.

सातारा ते मिरज हा रस्ता माझ्या पायाखालचा. कराड गेलं, पुढची गावं गेली. पोरगी मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून होती. तिचे डोळे उघडे होते. ते मला आरशात दिसत होते आणि मला ते सहन होईना, म्हणून मी ड्रायव्हरला एका लग्नातला किस्सा सांगायला लागलो. नवरदेवाचा फेटा, बँडवाला, असलं काहीतरी. ड्रायव्हर बिचारा हसला. बायको मागून एवढंच म्हणाली, "गप बसा ओ." एकवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

डॉक्टरबाईंनी तिला दाखल करून घेतलं. गोळ्या कधी बंद झाल्या, का झाल्या, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, माळेसकट. सांगताना सवयीनं त्यात रंग भरला, दादाच्या मिशांची नक्कलसुद्धा केली. बाई हसल्या नाहीत. लिहायचं थांबवून त्या माझं बोलणं संपायची वाट बघत राहिल्या. मी किती वेळ बोललो कुणास ठाऊक. संपल्यावर त्यांनी पोरीला विचारलं, तुला या सगळ्यात काय वाटलं?

पोरीनं चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मला कावीळच व्हायला हवी होती. सगळे किती प्रेमानं आले."

त्या खोलीतला पंखा आवाज करत होता. तेवढंच आठवतं.

दोन दिवसांनी दादा मिरजेला आला. कावीळ उलटली असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. हातात शहाळी. पोटाच्या विकाराच्या मजल्यावर त्यानं सगळ्या खाटा शोधल्या, नर्सशी भांडला, आणि शेवटी विचारत विचारत आमच्या मजल्यावर येऊन पोचला. दारावरची पाटी वाचली. मला वाटलं आता हा भडकणार. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला, शहाळी पायाशी ठेवली.

"मला का न्हाई सांगितलंस?"

मी शहाळी बाकाखाली सरकवली.

"लेका, माझ्या कंपनीत अशी पोरं हुती. एकाच्या उशाला मी बसून काढल्यात दिवस. मला काय कळलं नसतं व्हय?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "मी तिच्या डोक्यावर माळ घातली रं. नुसती बघत बसली माझ्याकडं. मला वाटलं, लय गुणाची पोरगी हाय."

साठी ओलांडलेला सुभेदार डोळ्यांवर टोपी ओढून रडला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो, त्यानं खांदा सरकवला. मग उठून आत गेला आणि पोरीजवळ बसला. दाराच्या काचेतून दिसत होतं, तो बोलत नव्हता, नुसता शहाळ्याचा पेला धरून होता. ती थोडं प्यायली. माझ्या हातून तिनं त्या दिवसांत पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर ती साताऱ्याला आली नाही. सांगलीला मावशीकडे राहते म्हणाली. मिरजेचा दवाखाना जवळ पडतो, हे कारण तिनं दिलं आणि मी ते सगळ्यांना सांगितलं. आता दोन वर्षं होतील. गोळ्या चालू आहेत, बाईंकडे जाणं चालू आहे. कॉलेजला जाते. दादा दर आठवड्याला तिला फोन करतो आणि काय बोलतात ते मला सांगत नाही. मीही आता सगळ्यांना सरळ सांगतो, मुलीला डिप्रेशन आहे, औषध चालू आहे. लोक ऐकून घेतात, कुणी चहा पाजतात, कुणी आपल्याच घरातलं हळूच सांगतात. एवढं सोपं होतं ते. ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगितलं असतं, तर.

मी दर रविवारी सांगलीला जातो. ती हसते, पाणी आणून देते, अभ्यासाचं सांगते, माझ्या किश्श्यांना बरोबर जिथं हसायचं तिथं हसते. मी परत येताना बायकोला फोन करून सांगतो, मस्त आहे, एकदम पूर्वीसारखी.

गेल्या रविवारी मी न कळवता लवकर गेलो. खर्डा करून नेला होता, माझ्या हातचा, जास्त झणझणीत. मेव्हणीनं दार उघडलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. पोरगी आत रडत होती. मोठ्यानं नाही, दमलेलं माणूस रडतं तसं, आणि मधेमधे काहीतरी बोलत होती. मेव्हणी तिच्याजवळूनच उठून आली असणार, तिच्या खांद्यावर ओलं होतं. मी म्हणालो, बघू, मी जातो आत, हसवतो तिला. चप्पल काढून दोन पावलं गेलो. तेवढ्यात माझा आवाज आत गेला असावा. रडणं थांबलं. नळ सोडल्याचा आवाज आला, चेहरा धुतल्याचा. मग पोरीचा स्वच्छ, गोड आवाज, "पप्पा, आलात? आले हं."

मेव्हणी माझ्या वाटेत उभी राहिली. डबा हातातून काढून घेतला. आवाज न चढवता म्हणाली,

"दाजी, तुमी जरा कमी येत जावा. तुमी आला की तिला बरं असल्याचं सोंग करावं लागतं. दमती पोर त्यानं."