खटका तिनं ओढला

बायको जाऊन वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो पाहिजे म्हणून पोरानं तिच्या आधार कार्डावरचा फोटो लोणंदच्या स्टुडिओत दिला. त्या कार्डावर ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर तिला गोरी केली, मानेखाली दुसऱ्याच कुणा बाईचं अंग लावलं, वर पैठणी नेसवली. जन्मात पैठणी नेसली नाही ती. घरात सगळ्यांना फोटो आवडला. मी म्हटलं, ही बाई मला ओळखत नाही.

सगळी हसली. पण मला खरंच भीती वाटत होती. हल्ली डोळे मिटले की तिचा आवाज येतो, चेहरा लवकर येत नाही. रोज ह्या गोरीला बघत बसलो, तर हीच डोक्यात बसणार आणि माझी होती ती जाणार.

मग मी ट्रंक उघडली. तिच्या लुगड्यांच्या घडीत एक जुना फोटो होता. मिलिटरीत असताना मी एकदा सुट्टीवर कॅमेरा आणला होता. त्याचा एक खटका ओढला की किर्रर्र वाजून थोड्या वेळानं आपोआप फोटो निघायचा. आपला फोटो आपणच काढायचा, तिसऱ्याची गरज नाही, हे तिला लय आवडलं. तिनं अंगणात दोन खुर्च्या मांडल्या, कॅमेरा पाण्याच्या पिंपावर ठेवला. म्हणाली, "तुमी नुसतं बसा. खटका मी वडणार." मी छाती काढून बसलो. तिनं खटका ओढला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीकडं पळत सुटली. फोटो निघाला का म्हणून अर्ध्या वाटेत हसत मागं वळली, आणि तेवढ्यात निघाला.

पोरानं फोटो हातात घेतला. "आबा, पुसट आलाय की. आई पळतीया ह्यात."

"मग? तू कवा तिला एका जागी बसलेली बघितलीस?"

पोरगं हळूच हसलं.

अडचण एकच होती, फोटोत मीही होतो. जित्या माणसाला हार कसा घालणार? म्हणून स्टुडिओवाल्याला सांगितलं, मला काप, तिला हात लावू नको. तो म्हणाला, बाईंना जरा सरळ करतो. मी म्हटलं, मला जन्मभर जमलं नाही, तू काय करणार.

श्राद्धाला शिराळ्याहून तिची धाकटी बहीण आली. हार घालता घालता थांबली.

"दाजी, ही पळत निघाली कुठं?"

"माझ्याकडं," मी म्हटलं.

तिनं डोळ्याला पदर लावला, पण हसत होती.

आता सकाळचा चहा मी त्या भिंतीसमोर बसून पितो. डोळे मिटले की चेहरा येतो. पुसटच येतो, पळता पळता मागं वळलेला. पण तिचाच येतो.