उशाखालचं लोखंड

मार्च २००९, शुक्रवार. रक्कम नऊशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेबारा हजार रुपये. हजर: मी, माझी बायको आणि अमिरातीतल्या अल ऐनमधले आमचे समोरच्या फ्लॅटमधले, इंडोनेशियातल्या जावा बेटावरचे नवरा-बायको.

मंदीत त्याची नोकरी गेली होती. कंपनीनं हिशेब लटकवून ठेवलेला, आणि धाकटीच्या विमानाच्या तिकिटाला नऊशे कमी पडत होते. उसने तो घेईना. विकण्याजोगी एकच वस्तू उरली होती, बायकोच्या आजोबांचा नागमोडी पात्याचा खंजीर.

मी सवयीनं विचारलं, "लास्ट प्राइस?"

मग तो म्हणाला, की याला किंमत नसते, मेहर असतो, निकाहात नवरीला देतात तसा. घासाघीस चालत नाही.

"अहो, आपण याद्या करायला बसलोय का?" बायको मराठीत पुटपुटली.

त्यानं पात्याला टिचकी मारली. भुंगा घुमावा तसा आवाज आला. त्यांच्याकडे जुनी माणसं आवाजावरून लोखंडाची जात ओळखतात. एक जात व्यापाऱ्याला लाभते, एक शिपायाला. हे लोखंड दुसऱ्याच्या हाताखाली राबणाऱ्याचं. दुबईतल्या देरा बाजारातला एक दुकानदार दुप्पट देत होता, त्याला यानं नाही म्हटलं होतं. हे लोखंड दुकानात गेलं की दुकान बुडतं.

"सध्या तशीही बुडतायत," मी म्हणालो. तो हसला नाही.

शिवाय लोखंडाचीही पसंती लागते. रात्री खंजीर उशाखाली घ्यायचा, सकाळी स्वप्न सांगायचं. चांगलं पडलं तर ठेवा, नाहीतर परत. पैसे त्यानंतर.

सकाळी दोघं चहाला आले. मी खरं ते सांगितलं. स्वप्न नाही, मान तेवढी अवघडली. त्याचा चेहरा उतरला. टेबलाखाली माझ्या पायावर पाय पडला.

"मला पडलं," बायको म्हणाली. "यांना टोचत होता, म्हणून पहाटे माझ्या उशाखाली सरकवला."

सरकवला होता, हे मी कबूल केलं. स्वप्नात ती म्हणे पाण्यात पाय सोडून बसली होती आणि शेजारी एक म्हातारे गृहस्थ खलबत्त्यात पान कुटत होते.

त्याच्या बायकोनं कप खाली ठेवला. "दात होते त्यांना?"

"दात असते तर कुटलं कशाला असतं?"

ती आधी हसली, मग डोळे पुसत नवऱ्याला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. त्यानं मान डोलावली. लोखंड मला नाही, माझ्या बायकोला लाभलं होतं. ती तेव्हा शाळेत शिकवायची, म्हणजे हाताखालचीच.

ते स्वप्न खरंच पडलं होतं का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

दिले ते पूर्ण नऊशे दिरहम. पाकीट माझं, पण माझ्या बायकोनं ते त्याच्या बायकोच्या हातात ठेवले, कारण आजोबा तिचे होते.