चिलीच्या म्हाताऱ्यासाठी झटका बंद

बायको गेली तेव्हा कोणाला कळवायचं काम माझ्यावर आलंच नाही. पोरींनी फोन केले, नातेवाईक आले, बसले, चहा घेऊन गेले. सांगायचा एकच माणूस राहिला होता, आणि तो चिली देशाच्या पार खालच्या टोकाला राहतो. त्याची आमची ओळख फक्त हवेवरची. त्याला मीच सांगायचं, असं मी ठरवलं.

हवेवरची म्हणजे हौशी रेडिओची. सरकारी परीक्षा दिली की परवाना मिळतो. मग घरातला एक डबा आणि छपरावरची एक तार, एवढ्यावर जगात कोणाशीही बोलता येतं. मधे फोन नाही, इंटरनेट नाही. मी चौथी शिकलेला माणूस, जन्मभर मूर्तिजापूरला पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग केलं. हा नाद मला अमरावतीच्या एका दोस्तानं लावला. तो टेलिफोनचा मेकॅनिक होता. आपला म्हातारा सारखा अमरावतीला काय करायला जातो ते पाहावं म्हणून बायकोही सोबत यायला लागली. परीक्षेला दोघंही बसलो. ती पास झाली, मी नापास. मी दुसऱ्या खेपेला सुटलो, पण तोवर परवाना तिचा, बटण तिनंच दाबायचं, मी बाजूला गप बसायचं. ते दिवस तिनं फार मजेत काढले.

चिलीचा म्हातारा तिलाच सापडला. हिवाळ्यात आमच्याकडे सूर्य वर येतो तेव्हा त्याच्याकडे मावळत असतो. त्या अर्ध्या उजेडात रेडिओची लाट लांब जाते. का जाते ते मला सांगता येत नाही, जाते एवढं खरं. तो होड्या दुरुस्त करणारा माणूस. त्याचं इंग्रजी आमच्याच लायकीचं, म्हणून जमलं. ती विचारायची, आज काय जेवला? तो सांगायचा, मासा. पुढच्या रविवारी परत मासा.

"बिचाऱ्याले कोणी भाजी करून देत नसन," ती मला म्हणायची, आणि मग पृथ्वीच्या पलीकडच्या त्या माणसाला मेथीची भाजी समजावत बसायची. तो पण मुकाट्यानं ऐकायचा.

ती गेल्यावर मी रेडिओवर चादर टाकून ठेवली. थंडी पडली तसा अमरावतीहून दोस्ताचा फोन आला.

"अबे, थो बुढा तुमाले दोघाईले बोलावून राहिला. रोज सकायी. बाई कुठी हाये म्हणून इचारते."

"तू सांगतलं काय त्याले?"

"मी कावून सांगू? त्याचा ईमेल हाये माह्यापाशी. तुह्याकडून धाडू का?"

"असं ईमेलवर सांगतेत काय, गधड्या?"

"मंग चादर काढ न."

चादर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी हाका मारल्या, त्याच्या पुढच्याही सकाळी मारल्या. चिलीकडून काहीच नाही. माझा डबा पन्नास वॅटचा. दोस्त म्हणाला, यंदा तेवढ्यानं भागत नाही, लिनियर लाव. लिनियर म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. तुमचे पन्नास वॅट घेतो आणि चारशे करून तारेवर सोडतो. माझ्या परवान्यात तेवढे चालतात. त्याच्याकडे जुन्या व्हॉल्व्हचा एक होता, त्याचा ट्रान्सफॉर्मर मीच कधीकाळी गुंडाळून दिलेला. तो रिक्षात घालून दोस्त स्वतः घेऊन आला. आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी ते धूड उचलून घरात नेलं आणि बराच वेळ खाटेवर पडून राहिलो.

"पावर आठपट झाली म्हणून आवाज आठपट होत नाही बरं," तो पडल्या पडल्या म्हणाला. "समोरच्याच्या मीटरचा काटा दीडक घर सरकन."

"दीड घरासाठी माही कंबर मोडली तू?"

"कधी कधी दीड घरानंच काम होते."

तो गेला. सकाळी मी लिनियर तापवला आणि हाक मारली. गोठ्यातला बल्ब बंद होता, तो चारशे वॅटच्या लाटेनं माझ्या बोलण्याबरोबर मिणमिणायला लागला. म्हशीनं माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या वावरातली बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"काकाजी, तुमी बोलता तवा आमच्या घरचा बल्ब बी बोलते."

"काय म्हणते थो?"

"तुमच्यासारकाच हाये. समजत काई नाई, नुसता तापते."

तेवढ्यात अमरावतीचा फोन. "बुढा तुले आयकून राहिला. चांगला खणखणीत. उत्तर बी देऊन राहिला, मी इथून आयकतो त्याले. तू कावून बोलत नाही?"

मी बोलत नव्हतो कारण माझ्या कानात नुसतं टक, टक, टक. मागच्या सालापर्यंत माझ्या घराभोवती कपाशी होती, डुकरं तिच्या वाटेला फारशी जात नाहीत. यंदा शेजाऱ्यानं हरभरा पेरला आणि चारी बाजूंनी झटका मशीनची तार ओढली. सोलरवर चालते ती. तारेला डुक्कर लागलं की झटका बसतो. पण तारेला गवत टेकलं तरी ठिणगी उडते, आणि ती ठिणगी रेडिओला ऐकू येते. त्या टकटकीखाली चिलीचा म्हातारा पार दबून गेला होता.

लिनियरनं माझं तोंड आठपट केलं, कान होते तेवढेच राहिले. तेवढ्या वेळात जगभरच्या लोकांनी वऱ्हाडातला एक बुढा ऐकला असेल, जो कोणाचंच न ऐकता ओरडतच सुटला आहे. रेडिओवर याच्यापेक्षा मोठी लाज नाही.

मी शेजाऱ्याकडे गेलो. "सकायी थोडा वेळ झटका बंद ठेवतो काय?"

"काकाजी, डुकरं सकायीच येते. हरभऱ्याले घाटे लागले."

"कोनासाठी बंद ठेवाचा हाये?" त्याची बायको आतून म्हणाली.

"चिलीत एक माणूस हाये. काकू गेल्याचं त्याले माईत नाही. त्याले सांगाचं हाये."

ती दारात आली. "मंग ठेवू न बंद. आमी बसतो धुऱ्यावर."

"एवढ्या थंडीत?" शेजारी म्हणाला.

"तुमी नाई तं काय डुकरं बसतीन राखणीले?"

दुसऱ्या दिवशी दोघं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गोधडी गुंडाळून बसले. जवळ तेलाचे रिकामे पिपे आणि काठ्या. मशीन बंद झालं आणि कानातली टकटक एकदम थांबली. राहिली ती हवेची बारीक सरसर. मी हाक मारली. तो लगेच आला. क्षीण, पण आला.

तेवढ्यात डुकरं आली आणि बाहेर पिपे वाजायला लागले. ते माइकमधून थेट चिलीला गेले.

त्यानं विचारलं, "तुमच्याकडे लग्न आहे का?"

मी म्हटलं, "नाही, डुकरं आहेत."

तो खूप हसला. मग विचारलं, मॅडम कुठे आहेत?

आमच्यातला माणूस गेला की रेडिओवाले त्याला 'सायलेंट की' म्हणतात. म्हणजे त्याचं बटण आता शांत झालं. मी म्हटलं, "शी सायलेंट की." आणि बटण सोडलं. मग तो बोलायला लागला, पण इंग्रजीत नाही, त्याच्या भाषेत. त्याचं इंग्रजी तिथवर पुरलं नसेल. लांबलचक बोलला. मला एक शब्द कळला नाही. मी त्याला तोडलं नाही.

त्याचं झाल्यावर मी बटण दाबलं आणि वऱ्हाडीत सुरू केलं. अकोल्याच्या दवाखान्यात तिला कसं ठेवलं होतं, चहा पाणचट आहे म्हणून तिनं तिथल्या बाईला कसं झापलं, घरी चला म्हणून माझा शर्ट धरून कशी बसली, सगळं. पोरींनाही मी हे असं सलग सांगितलेलं नाही. चारशे वॅटवर सांगितलं. बाहेर पिपे वाजतच होते.

ऊन चढलं तसा त्याचा आवाज बुडायला लागला. जाता जाता एक शब्द तेवढा इंग्रजीत बोलला. टुमारो.

मी बाहेर आलो. शेजारीण हातातली काठी टेकून उभी होती.

"झालं काय सांगून?"

"झालं."

"काय म्हणला थो?"

"मले कुठी समजते त्याची भाषा."

"अन् तुमी?"

"मी आपल्या भाषेत सांगतलं."

तिनं काठी खाली ठेवली. "बरं केलं."

शेजारी पिपे उचलून वावराच्या कोपऱ्यातून आला. "तिकडचा एक तुकडा खाल्ला डुकरायनं. उद्या बी बंद ठेवाचा हाये काय?"

"उद्या म्हणला थो," मी म्हटलं.

"मंग पिपे कायले घरी नेता?" त्याची बायको म्हणाली. "इथंच राहू द्या."

पिप्यांत दव साचू नये म्हणून त्यानं ते पालथे करून धुऱ्यावर ठेवले, आणि झटका चालू करायला गेला.