मागे वळून पाहण्याबद्दल

गेल्या हिवाळ्यात माझा नवरा गेला, तेव्हा सगळी व्यवस्था मीच केली. इन्शुरन्स, बँक, फ्युनरल होम, भारतातले फोन. फ्रिजवर यादी लावली आणि एकेक काम खोडत गेले. मला तसंच जमतं.

क्रिमेटोरियममधून बाहेर पडताना शेजारच्या काकूंनी सगळ्यांना बजावलं, "आता कोणी मागे वळून बघायचं नाही हं. जीव अडकतो त्यांचा."

आम्ही खाली माना घालून गाडीत बसलो. ड्राइव्ह लेक करणार होती, आणि गाडी भिंतीकडे तोंड करून उभी.

"काकू, मग रिव्हर्स कशी घेऊ?"

"मागचा कॅमेरा आहे ना? त्याच्या स्क्रीनवर बघ. मान वळवू नकोस."

लेकीने गाडी काढली. अर्ध्यावर करकचून ब्रेक मारला. मला वाटलं, बर्फ असेल.

लेक ॲन आर्बरच्या विद्यापीठात पीएचडी करते. जुन्या ग्रीक दंतकथा मध्ययुगातल्या कवींनी आपापल्या भाषेत कशा सांगितल्या, हा तिचा विषय. काही आठवड्यांनी तिचा फोन आला, "आई, आय ॲम क्विटिंग." सोमवारी प्रबंधाचं एक प्रकरण द्यायचं होतं, नाहीतर फंडिंग जाणार होतं, आणि एक पानही लिहून झालं नव्हतं. मी डब्यांत आमटी-भात भरला आणि निघाले.

भर दुपारी तिच्या खोलीतले पडदे बंद होते.

"आधी जेव. मग सांग, कुठली गोष्ट अडलीये?"

"गाणाऱ्याची. त्याची बायको मरते, तो तिला आणायला पाताळात जातो. अट एकच, बाहेर येईपर्यंत मागे बघायचं नाही. तो बघतो. ती जाते." तिने चमचा खाली ठेवला. "आई, त्या दिवशी कॅमेऱ्यात बाबा होते. मला पार्किंग शिकवताना उभे राहायचे ना, तसे. हाताने, येऊ दे, येऊ दे. मी ब्रेक मारला आणि स्क्रीन रिकामी. आय लुक्ड, अँड ही वॉज गॉन."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. थकली होतीस गं, असं म्हणणार होते. पण तोंडातून निघालं, "टोपी होती का डोक्यावर?"

"नव्हती."

एवढ्या थंडीत, असं मनात आलं. काकूंच्या मते लेकीच्या बघण्याने तो अडकला असता, लेकीच्या मते तिने त्याला घालवला होता. यातलं मला कोणतं चालेल, ते मला ठरवता येईना.

"तुझ्या कवींनी काय केलं?"

"काहींनी उपदेश केला. पापाकडे वळून बघू नका वगैरे. पण एकाने गाणाऱ्याला राजा केलं, पाताळाच्या जागी परीलोक आणला आणि ती अटच काढून टाकली. दहा वर्षांनी राजा तिथे पोचतो, वीणेसारखं वाद्य वाजवतो, राणीचा हात धरतो, घरी आणतो. हॅपी एंडिंग. मला नेमकं त्याच्यावर लिहायचंय, आणि मला ते खोटं वाटतं."

"घरी आल्यावर ती काय म्हणते?"

"कोण?"

"राणी. इतक्या वर्षांनी आली, काहीतरी म्हणाली असेल. काय हा पसारा केलाय, एवढं तरी!"

ती हसली. मग पुस्तक ओढून पानं उलटायला लागली, पुढे, मागे, परत पुढे. हसू कधी गेलं कळलं नाही.

"काहीच नाही म्हणत. परीलोकात नेलं जायच्या आधी बोलते, रडते. परत आल्यावर एक शब्दसुद्धा नाही."

"मग ती खरंच आली का गं?"

लेकीने लॅपटॉप उघडला. "आई, परत म्हण. अगदी तस्संच."

मी परत म्हटलं. ती टाइप करत सुटली. आमटी गार झाली तरी मान वर केली नाही. मी समोर बसून होते, खोलीत आणखी कोणी काही बोलतंय का, ते ऐकत.