मिठागरावर महिपती

रोह्याजवळच्या वरसे गावात महिपती शिर्के लग्नाची शूटिंग करायचा. त्याच्या कॅसेटीत नवरी गुलाबाच्या फुलातून उगवायची, नवरदेव चंद्रावर बसून हसायचा आणि वरमाई बदामाच्या आकारात गरगर फिरत जायची. "माझ्या कॅसेटीत लग्न सोडून सगळं असतं," असं तो स्वतःच सांगायचा. तरीही पंधरा वर्षांत मे महिन्यातला एकही मुहूर्त त्याचा रिकामा गेला नव्हता.

दोन हजार चार साली पेणच्या एका वाचनालयात माहितीपटाचं तीन दिवसांचं शिबिर लागलं. नवे इफेक्ट शिकायला मिळतील म्हणून महिपती फी भरून बसला. शिकवायला आलेले कमळाकर सर भलतंच बोलू लागले. म्हणाले, माहितीपट एकाच तऱ्हेचा नसतो. कुठे पडद्यामागचा आवाज सगळं समजावून सांगतो, कुठे कॅमेरा गप्प बसून नुसता बघत राहतो, तर कुठे करणारा स्वतःच प्रश्न विचारत चित्रात येतो. इफेक्टचं नाव नाही! शेवटच्या दिवशी सरांनी विचारलं, "शिर्के, तुम्ही कशावर करणार?" वर्गात कॅमेऱ्याचा अनुभव सगळ्यात जास्त आपलाच, तेव्हा गप्प कसं राहायचं म्हणून महिपतीनं ठोकून दिलं, "मिठागरावर." मिठागर त्यानं तोवर एसटीच्या खिडकीतूनच पाहिलं होतं.

"तुम्हाला मिठातलं काय कळतं?" घरी बायको सरू म्हणाली. "आमटीत कमी पडलं की तेवढं कळतं." पण सरूची मावशी ठमाबाई पेणच्या खाडीकडे मिठागरावर कामाला होती. सरूनंच त्याला तिच्याकडे नेलं.

महिपतीनं आधी आवाजाची तऱ्हा धरली. दोन दिवस चित्रण केलं, तीन दिवस शब्दकोश घेऊन बसला आणि घसा खाकरून स्वतःच्या आवाजात भरलं : "सागराच्या कुशीत या श्रमदेवता धरित्रीच्या उदरातून शुभ्र मीठ खणून काढतात." ठमाबाईच्या घरी टीव्हीवर लावून दाखवलं. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "बोलतोस छान. पण मीठ खणत नाय रे बाबा, पिकवतात. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हानं आटवायचं. आणि ती देवता कोण, आमच्यात तर कोण दिसली नाय."

मग त्यानं गप्प राहून बघायचं ठरवलं. बांधावर कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवून बसला. पण ठमाबाईच्या गावातली निम्मी लग्नं त्यानंच चित्रित केलेली. कॅमेरा दिसताच बायका नवी लुगडी नेसून आल्या, एकीनं तर नथ घातली. सगळ्या लेन्सकडे बघत मीठ ओढू लागल्या. पाच दिवसांनी कंटाळून त्या कॅमेरा विसरल्या. सहाव्या दिवशी सकाळी ठमाबाई पाठमोरी, कमरेतून वाकलेली, मिठाच्या राशीवर सावली पडलेली, असं सुरेख चित्र जमून आलं आणि महिपतीच्या तोंडून पंधरा वर्षांची सवय बाहेर पडली : "मावशी, जरा इकडं बघा, हसा!"

त्यानं स्वतःच्याच डोक्यात टपली मारली. "सगळ्यांना कॅमेऱ्याचा विसर पडला," तो सरूला म्हणाला, "पण मला नाय पडला."

शेवटी तो कागदावर प्रश्न लिहून गेला. "उन्हात काम करताना तुमच्या मनात कोणत्या भावना येतात?"

"पाय भाजतात," ठमाबाई म्हणाली. "तूच ये की वाफ्यात. मंग विचारायला नको."

कॅमेरा सरूच्या हातात देऊन महिपती उतरला, मीठ ओढायचं लाकडी फळी लावलेलं दांडकं धरलं आणि तिसऱ्या ओढीला घसरून पाण्यात बसला. सरू हसत होती, पण कॅमेरा तिनं चालूच ठेवला. ठमाबाईनं त्याला हात देऊन उठवलं आणि त्याला शिकवता शिकवता आपलं सांगू लागली. उधाणात बांधाला खांड पडली, मिठागर वाहून चाललं, तेव्हा आपण गळाभर पाण्यात उभं राहून खांड बुजवली, ही हकिगत तिनं अशी सांगितली की महिपती भिजलेला सदरा पिळायचं विसरला.

वाचनालयात तो माहितीपट दाखवला तेव्हा टाळ्या झाल्या. ठमाबाईला नारळ दिला. नारळ पिशवीत घालून ती एसटी स्टँडवर आली आणि म्हणाली, "महिपती, ते खोटं हाय. पाण्यात पुतळी उतरलेली. माझी जाऊ. मी काठावरून चिखलाच्या पाट्या देत होते. अकरा वर्षं आम्ही बोलत नाय. पडवीच्या भिंतीवरून भांडलो, म्हणून तिचं नाव घेतलं नाय."

"जाऊ दे मावशी, टाळ्या तर पडल्या," महिपती बोलून गेला आणि त्याचे कान तापले. नवरदेव चंद्रावर नव्हता हे त्याला कुणी सांगितलं असतं, तर तो हेच बोलला असता.

दुसऱ्या दिवशी तो ठमाबाईला घेऊन पुतळीच्या दारात गेला. कालच्या खेळाची बातमी गावात आधीच पोचली होती. पुतळी वाल सोलत होती. तिनं मान वर केली, पुन्हा खाली घातली. ठमाबाई समोर बसली, तिच्या सुपातले मूठभर वाल घेऊन सोलू लागली. महिपतीनं कॅमेरा सुरू करून ओट्याच्या कडेला ठेवला आणि काय करावं ते न सुचून हाताची घडी घातली. विचारावं, हसवावं, जवळून चेहरा घ्यावा, असं त्याला दहादा वाटलं. त्यानं जीभ दातांत धरली.

बाराएक मिनिटांनी पुतळी म्हणाली, "पाणी किती होतं गो त्या दिवशी?"

"तुझ्या गळ्याशी. माझा पायसुद्धा भिजला नाय."

"मंग पडद्यावर तूच कशी बुडालीस?"

ठमाबाई हसली, पुतळीही हसली, आणि मग दोघी पदराला डोळे पुसू लागल्या.

ती बाराही मिनिटं महिपतीनं न कापता माहितीपटात घातली. रोह्यात खेळ लावला तेव्हा वाल सुरू होताच निम्मी माणसं चहाला उठली. त्यांच्यात महिपतीही होता. स्वतःचं काम बसून बघायची त्याची छाती नव्हती. कप हातात घेऊन तो दारातून डोकावला. पुढच्या रांगेत, पेणहून एकाच एसटीनं आलेल्या दोघी जावा टक लावून बघत होत्या आणि पुतळी सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगत होती, "वाल जरा जून निघाले गो त्या दिवशी."